दोन नद्यांचा दावा

इ. स. १९०५ च्या मे महिन्यांत त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत रशियाचें आरमार बुडालें, आणि त्या वार्तेनें आशियांतील परतंत्र लोकांच्या मनांत जी उमेद उत्पन्न केली तींत महाराष्ट्राचाहि वांटा होता. आपल्याकडील वृत्तपत्रांनीं जपानच्या उत्कर्षाचे गोडवे गाइले. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या वक्त्यांना जपानचें उदाहरण तोंडपाठ झालें. चाळीस वर्षांपूर्वीं सरंजामशाहींत गुरफटलेलें एक राष्ट्र कारखाने काढतें, आगबोटी बांधतें आणि युरोपांतील एका बलाढ्य साम्राज्यास धूळ चारतें, या चमत्काराची मोहिनी सुशिक्षितांवर पडावी यांत नवल नाहीं. परंतु कोणत्याहि उत्कर्षाच्या खतावणीला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात, आणि जमेच्या बाजूच्या झगमगाटांत खर्चाची बाजू सहसा नजरेस पडत नाहीं.

जपानच्या खर्चाच्या बाजूचीं दोन पानें वातारासे आणि जिंझू या नद्यांच्या कांठीं लिहिलीं गेलीं. पहिलीच्या पाण्यांतून तांब्याचें विष शेतांत शिरलें, दुसरीच्या पाण्यांतून कॅडमियमचें. दोन्हीकडे खाण डोंगरांत आणि भातशेती खालच्या सपाटीवर. दोन्हीकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांना जें दिसत होतें तें सरकारच्या डोळ्यांना दिसण्यास फार वर्षें लागलीं. पण दोन्ही कथांचा शेवट मात्र अगदीं भिन्न झाला. हें अंतर विज्ञानाच्या प्रगतीमुळें पडलें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. जवळून पाहिलें तर त्याचें कारण निराळें आहे. पहिल्या नदीकांठचा शेतकरी याचक होता. दुसऱ्या नदीकांठचा हक्कदार झाला. याचक आणि हक्कदार या दोन शब्दांमधील वाट एका राष्ट्रानें कशी चालली, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तोक्योच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरांवर डोंगराळ मुलखांत आशिओ नांवाचें गांव आहे. तेथील तांब्याची खाण सतराव्या शतकापासून प्रसिद्ध होती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती जवळजवळ संपुष्टांत आल्याचें समजलें जात होतें. १८७७ सालीं फुरुकावा इचिबेई या धाडशी व्यापाऱ्यानें ती विकत घेतली, आणि १८८१ व १८८४ या वर्षीं तेथें धातूच्या विलक्षण समृद्ध शिरा सांपडल्या. थोडक्याच वर्षांत जपानच्या एकूण तांब्यापैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तांबें ही एकटी खाण देऊं लागली. त्या काळीं तांबें हा जपानच्या निर्यातीचा एक मुख्य माल होता. तांबें परदेशीं जाई, आणि त्याच्या पैशांतून यंत्रें व शस्त्रें येत. अशा खाणीकडे सरकार कोणत्या दृष्टीनें पाहील हें सांगावयास नको.

आतां खाणीच्या आसपास काय घडलें तें पाहूं. तेथील धातूच्या दगडांत तांब्याबरोबर गंधक असतो. तो दगड भट्टींत भाजला कीं गंधकाचा दाहक धूर निघतो. त्या धुरानें डोंगरावरील झाडें जळालीं. जीं उरलीं तीं खाणींतील खांबांसाठीं आणि कोळशासाठीं तोडलीं गेलीं. धुराच्या वाटेवर असलेलें मात्सुकी हें खेडें १९०२ सालीं ओस पडलें. डोंगर उघडे पडल्यावर पावसाचें पाणी अडविणारें कांहीं राहिलें नाहीं; पूर पूर्वीपेक्षां मोठे येऊं लागले, आणि खाणीबाहेर पडलेल्या टाकाऊ चुऱ्याचे ढीग आपल्याबरोबर वाहून नेऊं लागले. पूर्वीं वातारासेच्या पुराची शेतकऱ्याला भीति वाटे तशी आशाहि वाटे, कारण पूर ओसरला कीं मागें पोयटा राहत असे आणि पुढच्या वर्षीं खत न घालतां पीक येई. १८९० सालच्या मोठ्या पुरानंतर मागें राहिला तो राखी रंगाचा गाळ. आणि त्यांत पेरलेलें उगवेना. तांबें वनस्पतींना लेशमात्र हवें असतें. त्याहून अधिक झालें कीं मुळेंच खुंटतात. नदींतील मासे तर त्यापूर्वींच नाहींसे होऊं लागले होते.

शेतकऱ्यांनीं आपली माती कृषिमहाविद्यालयांतील कोझाई योशिनाओ या तरुण अध्यापकाकडे परीक्षेसाठीं पाठविली. मातींत तांब्याचीं संयुगें आहेत आणि पिकांच्या नाशाचें कारण तींच होत, असा त्यानें निर्वाळा दिला. ही गोष्ट १८९१-९२ ची आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. म्हणजे पुरावा नव्हता म्हणून न्याय मिळाला नाहीं, असें म्हणण्यास वाव नाहीं. पुरावा आरंभींच हाताशीं होता.

याच सुमारास जपानांत पहिली लोकनियुक्त सभा भरली, आणि वातारासेच्या परिसरांतून तानाका शोझो हा गृहस्थ तीवर निवडून आला. १८४१ सालीं एका पाटलाच्या घराण्यांत जन्मलेला हा मनुष्य तरुणपणीं आपल्या जहागीरदाराच्या अन्यायाविरुद्ध उभा राहून तुरुंगांत जाऊन आलेला होता. डिसेंबर १८९१ मध्यें त्यानें सभेंत सरकारला प्रश्न केला: प्रजेच्या जमिनीचा नाश होत असतां खाण बंद कां करीत नाहीं? शेती व व्यापार या खात्याचे मंत्री मुत्सु मुनेमित्सु हे होते, आणि त्यांचा दुसरा मुलगा खाणमालक फुरुकावाला दत्तक गेलेला होता. सरकारचें उत्तर असें आलें कीं, नुकसान झालें आहे हें खरें, पण कारण निश्चित झालेलें नाहीं, तपास चालू आहे, आणि खाणवाले चुरा अडविण्याचीं यंत्रें परदेशांतून आणीत आहेत. या जातीचें उत्तर वाचकांस अपरिचित वाटणार नाहीं.

त्यानंतर आलें तें तडजोडीचें पर्व. खाणवाल्यांनीं गांवोगांवच्या शेतकऱ्यांना थोडी थोडी रक्कम दिली आणि १८९६ च्या मध्यापर्यंत तक्रार करणार नाहीं असें त्यांच्याकडून लिहून घेतलें. पुढें तर कांहींजणांकडून कायमचेंच मौन लिहून घेतलें. ज्याचें पीक बुडालें आहे आणि ज्याच्या घरांत दाणा नाहीं त्याला आजची रक्कम उद्यांच्या हक्कापेक्षां मोठी दिसते. ते कागद भरपाईचे नव्हते, ते मौनाचीं खरेदीपत्रें होते. आणि मग १८९६ च्या उन्हाळ्यांत व शरदांत एकामागून एक असे पूर आले आणि विष पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक मुलखांत पसरलें. निसर्गावर तडजोडीचा कागद बंधनकारक नव्हता.

१८९७ पासून शेतकरी हजारोंच्या संख्येनें पायीं राजधानीकडे निघूं लागले. त्याच वर्षीं सरकारनें खाणीस गाळ अडविण्याचे हौद बांधण्याचा आणि धूर शुद्ध करण्याचा हुकूम केला. हौद झाले, पण धुरांतील गंधक खऱ्या अर्थानें पकडण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. आणि नदीपात्रांत, शेतांत, बांधांत पूर्वीं साठलेल्या विषाला तर या हुकुमाचा स्पर्शहि झाला नाहीं. १३ फेब्रुवारी १९०० रोजीं राजधानीकडे निघालेल्या शेतकऱ्यांना कावामाता येथें पोलिसांनीं अडवून मारपीट केली आणि पुष्कळांना पकडलें. चारच दिवसांनीं तानाकानें सभेंत जो प्रश्न मांडला त्याचा मथळाच असा होता कीं, देश नष्ट होत आहे याची जाणीव नसणें हाच देशाचा नाश होय. पंतप्रधान यामागाता यांनीं लेखी उत्तर पाठविलें: प्रश्नाचा अर्थ कळत नाहीं, सबब उत्तर देतां येत नाहीं.

यानंतर तानाकानें सभासदत्वाचा राजीनामा दिला, आणि १० डिसेंबर १९०१ रोजीं, सभेचें उद्घाटन करून परतणाऱ्या सम्राट मेइजींच्या रथाकडे तो हातांत अर्ज घेऊन धांवत गेला. त्या काळच्या जपानांत असें करणें म्हणजे प्राणांवर उदार होणें होतें. अर्जाचा मसुदा कोतोकु शुसुई या पत्रकारानें लिहिला होता. शिपायांनीं त्याला धरलें. परंतु खटला भरला तर गाजावाजा होईल म्हणून कीं काय, एका वेड्या म्हाताऱ्याचें कृत्य असें ठरवून त्याला सोडून देण्यांत आलें. सभेंतील प्रश्नाचा अर्थ कळला नाहीं. रस्त्यावरील अर्ज वेडेपणांत गेला. याचकाचे दोन्ही दरवाजे असे बंद झाले.

आणि मग सरकारनें एक चतुर युक्ति केली. विषाचा प्रश्न त्यानें पुराचा करून टाकला. पूर आल्यानें विष पसरतें. तर पुराचें पाणी सांठविण्यास मोठा जलाशय करावा. आणि तो जेथें वातारासे पुढच्या मोठ्या नदीस मिळते त्या बाजूस, यानाका या गांवीं करावा. सुमारें साडेचारशें घरांचें तें गांव दुबळ्या मोबदल्यावर हळूहळू उठविलें गेलें. तानाका १९०४ सालीं तेथें जाऊन राहिला. १९०६ सालीं गांवाचें नांव कागदावरून पुसलें गेलें. १९०७ च्या उन्हाळ्यांत, शेवटपर्यंत न हललेल्या सोळा कुटुंबांचीं घरें पोलिसांच्या देखत पाडण्यांत आलीं. तरीहि तीं माणसें झोंपड्या घालून तेथेंच राहिलीं. कांहीं विस्थापित कुटुंबें १९११ सालीं उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या थंडींत वसाहत करण्यास गेलीं. ४ सप्टेंबर १९१३ रोजीं तानाका वारला तेव्हां त्याच्या झोळींत राज्यघटनेची प्रत, ख्रिस्ती शुभवर्तमान, दैनंदिनीच्या वह्या आणि कांहीं खडे एवढीच मालमत्ता निघाली. एके काळीं लोकसभेचा सभासद असलेल्या गृहस्थाची ही इस्टेट होती.

तानाका कां हरला? त्याच्यापाशीं शास्त्र होतें, धैर्य होतें, लोक होते. नव्हता तो एकच आधार: ज्याच्यापुढें खाणमालकाला उत्तर देणें भाग पडावें असा कायदा. खाणीचा हक्क कायद्यानें लिहिलेला होता. शेतकऱ्याचें नुकसान मात्र दयेच्या खात्यावर होतें. हा उणेपणा भरून येण्यास फार काळ लागला. खाणींच्या अशा तंट्यांची दीर्घ परंपरा झाल्यावर १९३९ सालीं जपानच्या खाणकायद्यांत एक दुरुस्ती झाली: खाणीमुळें नुकसान झालें असेल तर खाणमालकाची हयगय सिद्ध करण्याची गरज नाहीं, नुकसान खाणीमुळें झालें एवढें सिद्ध करणें पुरे. त्या वेळीं या वाक्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नसेल. पण जिंझूच्या कांठचा दावा पुढें याच वाक्यावर उभा राहिला.

जिंझू नदी मध्यवर्ती डोंगरांतून निघून उत्तरेस तोयामाच्या मैदानांतून जपानच्या समुद्रास मिळते. तिच्या एका उपनदीवर कामिओका येथें मित्सुई कंपनीची शिशाची व जस्ताची खाण होती. आज पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांना कामिओका हें नांव तेथील भूगर्भांतील वेधशाळेमुळें ठाऊक आहे. तोयामाच्या वृद्ध स्त्रियांना तें निराळ्या कारणानें ठाऊक होतें. जस्ताच्या दगडांत कॅडमियम नांवाचा एक धातु सोबतीसारखा असतो. दगड बारीक दळून धातु वेगळा काढला कीं उरलेल्या चुऱ्यांतून आणि पाण्यांतून तो नदींत जातो, आणि नदींतून पाटानें भातखाचरांत येतो.

येथें तांबें आणि कॅडमियम यांतील एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. तांबें पिकाला मारतें. म्हणून तें लपून राहत नाहीं. कॅडमियम मनुष्याला घातक होण्याइतकें झालें तरी भाताला त्याची दाद नसते. जिंझूकांठीं खाणीच्या गाळामुळें पाटाच्या तोंडाशीं भात खुरटलेलें दिसे, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून शेतकऱ्यांची त्याविषयीं तक्रारहि असे. परंतु बाकीचें शेत हिरवेंगार, लोंब्या भरलेल्या, तांदूळ पांढराशुभ्र. शिवाय या धातूची एक विचित्र खोड आहे. खाचरांत पाणी उभें असेपर्यंत तो मातींत गंधकाशीं बांधलेला राहतो. पाणी काढून टाकलें, जमिनीला हवा लागली, कीं तो मोकळा होऊन मुळांवाटे दाण्यांत चढतो. म्हणून भात निसवण्याच्या आगेंमागें तीन आठवडे खाचरांत पाणी ठेवावें, असा सल्ला पुढें जपानी कृषिशास्त्रज्ञांनीं दिला. पण हें सारें नंतरचें ज्ञान. तेव्हां लोक तो तांदूळ खात होते आणि नदीचें पाणी पीत होते.

शरीरांत गेलेलें कॅडमियम मूत्रपिंडांत सांठतें आणि वर्षानुवर्षें तेथून हलत नाहीं. मूत्रपिंड बिघडलें कीं हाडांना लागणारीं द्रव्यें लघवीवाटे वाहून जातात, आणि हाडें मऊ पडतात. रोग्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. चाळिशी उलटलेल्या, अनेक बाळंतपणें झालेल्या, जन्मभर शेतांत राबलेल्या. खोकल्यानेंहि बरगडी मोडावी, अंग आंखडून उंची वीतभर कमी व्हावी, आणि कोणी हात लावला तरी “इताइ, इताइ” म्हणजे “दुखतें, दुखतें” असें ओरडावें, अशी त्यांची स्थिति होई. १९५५ सालीं एका वृत्तपत्रांतून हेंच रोगाचें नांव झालें. गांवांत याला पूर्वजन्मींच्या पापाचें फळ समजत. डॉक्टर मंडळी निकृष्ट अन्नाकडे बोट दाखवीत.

हागिनो नोबोरु हा तेथीलच डॉक्टर. युद्धावरून १९४६ सालीं परत येऊन त्यानें वडिलोपार्जित दवाखाना चालविण्यास घेतला होता. रोग्यांचीं घरें त्यानें नकाशावर टिंबांनीं मांडलीं, तेव्हां टिंबें जिंझूच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यांतच पडलीं. शेजारच्या दोन नद्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या गांवांत रोग नव्हता. अन्न सारखें, कष्ट सारखे, दारिद्र्य सारखें. निराळें होतें तें पाणी. १९५७ सालीं त्यानें खाणीच्या विषाचें मत मांडलें. पुढें कृषितज्ज्ञ योशिओका किनइची आणि ओकायामा विद्यापीठांतील कोबायाशी जुन यांच्या साह्यानें १९६१ सालीं कॅडमियमवर बोट ठेवलें गेलें. त्याला कीर्ति मिळाली नाहीं. मिळाली ती कुचेष्टा. आणि ती केवळ कंपनीकडून नव्हे. गांवचे लोकहि कुरकुरूं लागले: हें असेंच बोलत राहिलें तर आपला तांदूळ कोण घेईल, आपल्या गांवांत मुली कोण देईल? वातारासेकांठीं मौन पैशानें विकत घेतलें गेलें होतें. जिंझूकांठीं तें लज्जेनें फुकट मिळालें. विषाच्या इतिहासांत हें दुसरें मौन पहिल्याहून अधिक बळकट असतें, असें मला वाटतें.

तें अखेर मोडलें, हें त्या गांवकऱ्यांचें खरें शौर्य. मार्च १९६८ मध्यें रोगी व त्यांचे वारस यांनीं मित्सुई कंपनीवर तोयामाच्या न्यायालयांत दावा लावला. त्याच वर्षीं ८ मे रोजीं आरोग्यखात्यानें हा रोग खाणीच्या कॅडमियममुळें झाल्याचें मान्य केलें. उद्योगाच्या दूषितामुळें झालेला रोग म्हणून सरकारनें मान्यता दिलेला जपानांतील हा पहिला रोग. १९३९ च्या दुरुस्तीमुळें कंपनीची हयगय सिद्ध करण्याचें ओझें वादींवर नव्हतें. उरला कार्यकारणभाव. कॅडमियम शरीरांत किती गेलें आणि त्यानें रोग कसा घडविला याचा शेवटचा धागा जुळला पाहिजे, असा कंपनीचा आग्रह होता. न्यायालयानें तो मानला नाहीं. रोग कोठें आहे, कोठें नाहीं, केव्हां वाढला, या साऱ्याची संगति लागत असेल तर तेवढें कारण न्यायास पुरेसें आहे, असा निवाडा ३० जून १९७१ रोजीं झाला. आणि ९ ऑगस्ट १९७२ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला. हागिनोच्या टिंबांचा नकाशा अखेर साक्षीदार म्हणून उभा राहिला.

परंतु या कथेचा कळस निकालाच्या दिवशीं नसून दुसऱ्या दिवशीं आहे. १० ऑगस्ट १९७२ रोजीं गांवकरी तोक्योस कंपनीच्या मुख्य कचेरींत गेले आणि तेथें तीन कागद लिहून घेतले. पहिला रोग्यांच्या भरपाईचा. दुसरा जमिनीच्या दुरुस्तीचा. आणि तिसरा सर्वांहून महत्त्वाचा: गांवकऱ्यांना व त्यांनीं नेमलेल्या तज्ज्ञांना वाटेल तेव्हां खाणींत व कारखान्यांत शिरून तपासणी करतां यावी, आणि तिचा खर्च कंपनीनें सोसावा. वातारासेकांठच्या शेतकऱ्यानें जे कागद सही केले त्यांत त्यानें आपली जीभ दिली होती. जिंझूकांठच्या शेतकऱ्यानें या कागदानें कारखान्याची किल्ली घेतली. तेव्हांपासून दरवर्षीं गांवकरी व शास्त्रज्ञ खाणीची पाहणी करीत आले, आणि नदीच्या पाण्यांतील कॅडमियम जवळजवळ निसर्गतः असतें तेवढ्यावर उतरलें. यानें धंदा बुडाला म्हणावें, तर खाणकाम त्यानंतर २००१ पर्यंत चालूच होतें.

जमिनीचें काम याहून कष्टाचें ठरलें. दूषित माती खाली गाडावयाची, तिच्यावर मुरमाचा घट्ट थर द्यावयाचा, आणि त्यावर डोंगरांतील स्वच्छ माती पसरून नवें खाचर करावयाचें. अशीं ८६३ हेक्टर शेतें दुरुस्त करण्यास १९७९ पासून २०१२ पर्यंत तेहतीस वर्षें लागलीं. मूत्रपिंडास इजा होऊनहि रोगी म्हणून मान्यता न मिळालेल्यांना प्रत्येकीं ६ लक्ष येन देण्याचा आणि कंपनीनें विधिपूर्वक क्षमा मागण्याचा करार डिसेंबर २०१३ मध्यें झाला. तोंपर्यंत ज्यांनीं “इताइ” म्हणून टाहो फोडला होता त्यांपैकीं बहुतेक जणी या जगांत नव्हत्या. जिंझूचा विजय म्हणतांना हें विसरून चालणार नाहीं.

आणि वातारासेचें काय झालें? १९७० सालीं जपाननें शेतजमिनीच्या दूषिताविषयीं कायदा केला, त्यांत कॅडमियमच्या जोडीला तांबेंहि घालण्यांत आलें. १९७१ सालीं वातारासेच्या खोऱ्यांतील ओता शहराजवळच्या तांदुळांतहि कॅडमियम सांपडलें. १९७३ सालीं आशिओची खाण बंद झाली. आणि ११ मे १९७४ रोजीं सरकारी लवादापुढें फुरुकावा कंपनीनें आपली जबाबदारी मान्य करून १५५ कोटी येन देण्याचें कबूल केलें. तानाकाच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें ब्याऐंशी वर्षांनीं मिळालें. पण तें मातीचें शेवटचें उत्तर नव्हे. आशिओच्या डोंगरांत टाकाऊ गाळाचा एक बांध १९५८ सालीं फुटला होता. तोच मार्च २०११ च्या भूकंपांत पुन्हां ढासळला आणि नदींत मर्यादेबाहेर शिसें आढळलें. खाण बंद होऊन तेव्हां अडतीस वर्षें झालीं होतीं. यानाका गांवाच्या जागीं आज बोरूंचें विस्तीर्ण रान व पाणपक्ष्यांचें आश्रयस्थान आहे. २०१२ सालीं त्याला जगांतील महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळालें. तेथील तळ्याला यानाका हेंच नांव आहे.

या दोन नद्यांच्या दाव्यापासून घ्यावयाचा बोध कारखाने नकोत असा नाहीं. तांबें आणि जस्त यांवांचून आपलें एक दिवसहि चालत नाहीं, हें आपण सर्वजण जाणतों. बोध एवढाच कीं, धातु एकदां मातींत उतरला म्हणजे तो कोणाच्या कारकीर्दीची, कोणाच्या करारपत्राची मुदत पाहत नाहीं. सरकारें बदलतात, कंपन्या नांवें बदलतात, तक्रार करणारे मरतात. माती मात्र आपली साक्ष बदलत नाहीं. म्हणून नदीच्या वरच्या अंगास कारखाना उभा राहतो तेव्हां खालच्या गांवानें किती भरपाई मिळेल हें विचारण्यापूर्वीं, त्याच्या दारांतून आपल्याला आंत जातां येईल कीं नाहीं, हें विचारलें पाहिजे. तानाका सम्राटाच्या रथामागें धांवला, कारण त्याला खाणीच्या दारांतून आंत जातां येत नव्हतें. जिंझूकांठच्या लोकांना कोणाच्याहि रथामागें धांवावें लागलें नाहीं. उद्योगाची थोरवी मोजावयाची झाली तर त्याच्या धुराड्याच्या उंचीपेक्षां, त्याचें दार खालच्या शेतकऱ्याला उघडें आहे कीं नाहीं, यावरूनच ती मोजणें योग्य होईल.